ट्रायकोकार्ड लावूनही उसात पोंगे का मरतात?

तुमचे प्रश्न तीन आहेत: ट्रायकोकार्डातून, म्हणजे मित्रकिड्याने घर केलेली अंडी चिकटवलेल्या कार्डातून, नेमका कोणता किडा निघतो, कार्डावरच्या शास्त्रीय नावाशी शेतकऱ्याचं काय देणंघेणं, आणि एकरी एक कार्ड लावूनही उसात पोंगेमर (मधला कोवळा पोंगा वाळून जाणं) का दिसते. तिसऱ्याचं उत्तर बरंचसं दुसऱ्यात दडलेलं आहे.

निघते ती गांधीलमाशीच, पण जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीची आणि माणसाला न डसणारी. मुंग्या-मधमाश्यांचा हायमेनॉप्टेरा गण, त्यात कॅल्सिडॉइडिया हे महाकुळ, त्यात ट्रायकोग्रामॅटिडी हे कुळ. चांगल्या सूक्ष्मदर्शकाखाली कुळ ओळखायला एक खूण पुरते: पावलाला तीनच पेरं. जवळच्या कुळांत ती बहुधा चार किंवा पाच असतात. या कुळातल्या जवळजवळ सगळ्या माश्या दुसऱ्या किड्याच्या अंड्यातच वाढतात आणि ते अंडं संपवूनच बाहेर येतात. ऊ किंवा गोचीड यजमानाला, म्हणजे ज्याच्यावर जगते त्याला, जिवंत ठेवते, इथे यजमान मरतोच.

कुळानंतर मात्र गाडी अडते. आकारावरून जात ठरवावी, तर मोठ्या अंड्यात वाढलेली माशी मोठी होते आणि एकाच अंड्यात दोन-तीन वाढल्या तर त्याच जातीच्या बारक्या निघतात. रंग पाहावा, तर थंडीत वाढलेली गडद आणि उन्हाळ्यातली पिवळसर. म्हणूनच भारतातल्या ट्रायकोग्रामा, म्हणजे कार्डातल्या या माश्या, बरीच वर्षं इव्हानेसन्स, मायन्यूटम, ऑस्ट्रेलिकम अशा उसन्या नावांनी ओळखल्या जात होत्या. 1971 साली सुधा नागरकट्टी आणि एच. नागराज यांनी नराच्या जननेंद्रियाची रचना ही भरवशाची खूण असल्याचं दाखवलं, तेव्हा हा गुंता सुटू लागला. आज जोडीला डीएनए तपासणी असते. नुसत्या डोळ्यांनी ‘ही चिलोनिसच’ (ट्रायकोग्रामाची एक जात) असं कोणी छातीठोक सांगितलं तर मी विश्वास ठेवणार नाही.

आता हे नाव शेतात कुठे लागतं ते पाहू. खोडकीड आणि कांडीकीड यांची अंडी पानावर उघडी असतात, तिथे ट्रायकोग्रामा चिलोनिस चालते. शेंडेकिडीची मादी आपला अंडीपुंज पिवळट केसांनी झाकते, म्हणून तिच्यासाठी ट्रायकोग्रामा जॅपोनिकम वापरतात. भातावरच्या पिवळ्या खोडकिडीलाही हीच जात. कपाशीतल्या गुलाबी बोंडअळीसाठी त्याच कुळातली पण वेगळ्या प्रजातीची ट्रायकोग्रामॅटॉइडिया बॅक्ट्री. मक्यावरच्या लष्करी अळीची अंडी थरावर थर आणि वर केसांचं आवरण अशी असतात. तिथे ट्रायकोग्रामा बहुधा वरच्या थरातच अडकते, टेलेनोमस रेमस खालपर्यंत पोचते. ही टेलेनोमस तर वेगळ्याच महाकुळातली. दुकानात नुसतं ‘ट्रायको’ मागू नका, कार्डावरचं पूर्ण नाव वाचा.

जात बरोबर असूनही पोंगे मरतात, त्याचं मोठं कारण वेळ. ही माशी फक्त अंडी मारते. पोंगा वाळलेला दिसला म्हणजे अळी खोडात शिरून बसली, तिच्यावर कार्डाचा काडीचाही परिणाम नाही. खोडकिडीची अंडी चार ते सहा दिवसांत उबतात, त्यामुळे एकदाच लावलेलं कार्ड दोन आठवड्यांनी घातलेल्या अंड्यांच्या कामाचं नाही. लागणीनंतर साधारण महिन्याने सुरुवात करून दर दहा दिवसांनी चार ते सहा वेळा सोडावं लागतं, दर वेळी हेक्टरी 50,000. एका कार्डावर साधारण 20,000 अंडी धरली तर एकरी एक कार्ड हा हिशेब बरोबरच आहे, फक्त तो एका खेपेचा आहे.

शिवाय ही माशी लांब उडत नाही. कार्डाचे 40 तुकडे करून दहा-दहा मीटरवर, पानाच्या खालच्या बाजूला, सावलीत टाचा. बांधावर चार जागी लटकवलेलं कार्ड म्हणजे पैसे पाण्यात. मुंग्या तुकडे साफ करतात, म्हणून पान जमिनीला टेकलेलं नको. एप्रिल-मेच्या भर उन्हात माश्या लवकर मरतात, तेव्हा कार्ड संध्याकाळीच लावा. त्याआधी आणि नंतर किमान आठवडाभर कीटकनाशक फवारू नका.

कार्डावरची अंडी तांदळावरच्या कॉरसायरा पतंगाची असतात. माशीने घर केलेलं अंडं तीन-चार दिवसांत काळं पडतं आणि आठव्या-दहाव्या दिवशी त्याला गोल भोक पाडून माशी निघते. पांढुरकी अंडी जास्त दिसली तर कार्ड घेऊ नका. अतिनील किरणांची प्रक्रिया नीट झाली नसेल तर त्यातून कॉरसायराच्या अळ्या निघून शेजारची काळी अंडीही खातात. दर खेपेला एक तुकडा कापूस लावलेल्या काचनळीत घरी ठेवा. चार दिवसांनी भिंगाने बघा, निम्म्या अंड्यांनाही भोक नसेल तर माल शिळा किंवा उन्हात तापलेला होता.

मेलेला पोंगा उपटल्यावर आत अळीला चिकटून पांढऱ्या कोषांचा पुंजका दिसला, तर ती किडीची अंडी समजून चिरडू नका. ती बहुधा कोटेशिया फ्लॅविपेस, अळीच्या अंगात वाढणारी दुसरी गांधीलमाशी. तो पोंगा जाळू नका, उसातच सावलीला टाकून द्या.