मिठाईसाठी काचेचं भांडं घेताना

पहिल्यांदाच घेताय, तर तीन मजली स्टँडच्या नादी लागू नका. मधल्या दांडीचा स्क्रू जरा सैल झाला की सगळा डोलारा डुलतो आणि पाहुण्यांसमोर लाडू घरंगळतात. रुंद बुडाचं, एकाच पायावरचं भांडं बरं. दुकानात सपाट काउंटरवर ठेवून त्याची कड बोटाने दाबून बघा. डुगडुगलं तर सरळ परत करा, मग नक्षी कितीही सुंदर असो.

उकळत्या पाकातले गुलाबजाम त्यात थेट ओतू नका. साधी काच आतून एकदम तापून प्रसरण पावते, बाहेरून गारच राहते आणि त्या ताणाने तडकते. जाड काच जास्त टिकेल असं वाटतं, पण इथे तीच आधी दगा देते. पाक कोमट होऊ द्या. फ्रिजमधून काढलेलं भांडंही आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

जुनं, जड, लखलखणारं क्रिस्टल असेल तर त्यात शिसं असू शकतं. युरोपीय नियमांनुसार ‘लेड क्रिस्टल’ म्हणवण्यासाठी किमान 24 टक्के लेड ऑक्साइड लागतं. कोरडी बर्फी तासाभरासाठी ठेवली तर हरकत नाही, श्रीखंड मात्र रात्रभर अजिबात नको, कारण आंबट, ओल्या पदार्थात शिसं उतरतं.

बेसनाच्या लाडवांखाली कागदी वाट्या ठेवा, नाहीतर तुपाचे डाग खालून दिसतात. काजूकतली पारदर्शक काचेत फिकी पडते, गडद निळ्या काचेत उठून दिसते. सोनेरी कडेचं भांडं मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही. धुताना सिंकमध्ये जुना टॉवेल अंथरा.