नाशिकच्या कार्यक्रमाला परदेशी कॉन्सुल जनरल येणार आहेत, पत्रिकेत 'महामहिम' छापायचं का? व्यासपीठावर आणखी तिघे आहेत: पद्मश्री मिळालेले एक गृहस्थ, एक निवृत्त कर्नल आणि संस्थानिक घराण्यातले एक जण. त्यांच्या नावाआधी काय छापायचं?

नका छापू. 'महामहिम' हा मान राजदूताचा, आणि राष्ट्रकुलातल्या देशांचे उच्चायुक्त असतात त्यांचा. तुमचे पाहुणे मुंबईच्या वाणिज्य दूतावासातले महावाणिज्यदूत, म्हणजेच कॉन्सुल जनरल आहेत. राजदूत दिल्लीत येतो तो आपल्या राष्ट्रप्रमुखाचं अधिकारपत्र घेऊन, आणि ते आपल्या राष्ट्रपतींच्या हाती देतो. तो मान त्या पत्रामागून येतो. महावाणिज्यदूत व्यापार, व्हिसा, आपल्या नागरिकांच्या अडचणी अशी कामं ठरलेल्या प्रदेशापुरती पाहतात. दोघांसाठी आंतरराष्ट्रीय करारसुद्धा वेगळे आहेत: राजदूतांसाठी १९६१चा व्हिएन्ना करार, वाणिज्यदूतांसाठी १९६३चा. आता निफाड-दिंडोरीची द्राक्षं ज्यांच्या देशात जातात त्यांचा जरा जास्त मान ठेवावासा वाटतो, हे मला समजतं. पण न मिळालेला दर्जा छापला की पाहुणाच अवघडतो.

पत्रिकेत 'श्री. अमुक अमुक, महावाणिज्यदूत, अमुक देश, मुंबई' एवढं पुरे. इंग्रजी पत्रिकेत 'मिस्टर' आणि पूर्ण नाव, खाली पद. समोरासमोर इंग्रजीत 'मिस्टर कॉन्सुल जनरल', बाई असतील तर 'मॅडम कॉन्सुल जनरल'. मराठीत बोलताना 'कॉन्सुल जनरल साहेब' म्हणालात तर काही बिघडत नाही. फक्त पाहुण्याचं नाव समजा मार्क असेल, तर आपल्या सवयीने माइकवर 'सर मार्क' करू नका, तो ब्रिटिश सरदारकीचा किताब होतो. क्वचित एखाद्या महावाणिज्यदूताला व्यक्तिशः राजदूताचा दर्जा असतो, म्हणून पत्रिका छापायला टाकण्याआधी त्यांच्या कार्यालयाला मेल करून नाव, स्पेलिंग, उच्चार आणि पद लेखी मागवा. हे त्यांच्या रोजच्या कामातलं आहे, कुणी रागावत नाही. युरोपीय आडनावात 'व्हॅन', 'डी' असे तुकडे असतात, ते गाळले की आडनावच बदलतं.

राज्यपालांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे कधी लागेल. २०१२ साली तेव्हाचे राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी देशांतर्गत कार्यक्रमांतून 'महामहिम' काढून टाकायला मान्यता दिली. तेव्हापासून 'माननीय राज्यपाल'. परदेशी पाहुण्यांशी मात्र जुनी आंतरराष्ट्रीय पद्धत चालू आहे. तरी आपल्याकडचे काही सूत्रसंचालक अजून प्रत्येक खुर्चीला महामहिम करून टाकतात.

आता तुमच्या व्यासपीठावरचे बाकीचे तिघे. पद्मश्री मिळालेल्या गृहस्थांच्या नावाआधी 'पद्मश्री' छापू नका. राज्यघटनेच्या अनुच्छेद १८ने किताब रद्द केले. पद्म पुरस्कार हे किताब नाहीत, पण म्हणूनच ते नावाला पुढे किंवा मागे जोडायचे नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने बालाजी राघवन प्रकरणात १९९५ला स्पष्ट केलं. परिचय करून देताना 'पद्मश्री पुरस्काराने सन्मानित' असं खुशाल सांगा. घरचे लोक कधी आग्रह धरतात, तेव्हा हा निकाल दाखवावा, वाद मिटतो.

कर्नलसाहेबांचं उलट आहे. त्याच अनुच्छेदात लष्करी आणि शैक्षणिक मानांना सूट आहे, त्यामुळे हुद्दा नावाआधी बिनधास्त. देवळालीच्या लष्करी छावणीमुळे नाशिकच्या निम्म्या व्यासपीठांवर एखादे कर्नल असतातच, तरी पत्रिकेत 'निवृत्त कर्नल अमुक' छापलेलं दिसतं. लष्करात 'कर्नल अमुक (निवृत्त)' असं लिहितात: निवृत्त माणूस होतो, हुद्दा नाही.

राहिले संस्थानिक घराण्यातले. १९७१च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे दोन्ही गेले. त्यामुळे 'हिज हायनेस' नको, 'महाराजा' हे पद म्हणूनही नको. पण आपल्या जिल्ह्यात सुरगाणा हे संस्थान होतं, आणि अशा भागात लोक आजही प्रेमाने 'राजे' म्हणतात. माझं मत, भाषणात 'श्रीमंत' किंवा 'राजे' म्हणायला हरकत नाही, तो लोकांनी दिलेला मान आहे. कार्यक्रमात सरकारी खात्याचा सहभाग असेल तर पत्रिकेत नुसतं 'श्री.' ठेवा.

'मग सर रतन टाटा कसे चालतात' असंही एकाने विचारलंय. 'सर रतन टाटा ट्रस्ट'च्या नावात आहेत ते जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, त्यांना १९१६ला नाइटहूड मिळाली आणि तेव्हा आपण ब्रिटिशांचे प्रजाजन होतो. आपल्या काळातल्या रतन टाटांना २००९ आणि २०१४ला मिळालेले ब्रिटिश सन्मान मानद होते, आणि मानद सन्मानात 'सर' लावत नाहीत. खराखुरा 'सर' कधी भेटलाच तर तो पहिल्या नावाला जोडायचा, आडनावाला नाही: जमशेटजी जीजीभॉय यांना सर जमशेटजी म्हणायचं, सर जीजीभॉय नाही. पत्नीला मात्र 'लेडी' आणि आडनाव.

सिंहस्थासाठी महंत, महामंडलेश्वरांना बोलावणार असाल तर यातलं काहीच लागू नाही. तिथे आखाड्याकडून लिहून येईल तसंच, नावाआधीच्या मानाच्या १००८ आकड्यासकट, अक्षरशः छापा.