सागरी भूशास्त्रात संशोधन म्हणजे रोज नेमकं काय काम असतं? सतत जहाजावर जावं लागतं का?

तुम्ही भूशास्त्रात एम.एस्सी. करताय आणि बोट लागते म्हणून पुढे जायला कचरताय, असं लिहिलंय. मलाही लागते. पीएच.डी.च्या पाच वर्षांत मी जहाजावर होते जेमतेम पंचवीस दिवस, आणि त्यातले पहिले चार आल्याचा तुकडा चघळत आडवी पडून होते. बाकीची वर्षं गेली चिखल धुण्यात.

चिखल म्हणजे अरबी समुद्राच्या तळाचा गाळ. वजन लावलेली पोकळ नळी तारेनं खाली सोडतात, ती गाळात रुतते आणि काही मीटरचे थर जसेच्या तसे घेऊन वर येते. हा झाला कोअर. खोल समुद्रात गाळ साचतो हजार वर्षांत कुठे दोन-तीन सेंटिमीटर, म्हणजे एक सेंटिमीटरच्या चकतीत शिवकाळापासून आजपर्यंतचं सगळं आलं. (तळातले किडे ते ढवळून ठेवतात, ती डोकेदुखी वेगळी.)

चकती वाळवायची, वजन करायचं, भिजवायची आणि ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर बारीक धारेखाली धुवायची. चिकणमाती वाहून जाते, वर पांढरट रवा उरतो. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर त्यात बहुतेक फोरामिनिफेरा, एकपेशीय जिवांची चुन्याची कवचं. आम्ही नुसतं ‘फोरॅम’ म्हणतो. ओल्या ब्रशच्या टोकानं एकेक टिपून काळ्या स्लाइडवर ठेवायचं, नमुन्यामागे निदान ३००. एकदा मला शिंक आली आणि दुपारभराची मेहनत उडाली. तेव्हापासून सर्दी असली की मी फक्त चाळण्या घासते. प्रत्येक नमुन्यानंतर चाळणी मिथिलिन ब्ल्यूमध्ये बुडवायची. मागचं एखादं कवच अडकून राहिलं असेल तर ते निळं पडतं, आणि पुढच्या नमुन्यात घुसलं तरी लगेच ओळखू येतं.

एवढा खटाटोप कशासाठी? ग्लोबिजेरिना बुलॉइडिस नावाचा एक फोरॅम आहे, फुगे चिकटवल्यासारखा दिसणारा. नैर्ऋत्य मोसमी वारे ओमानच्या किनाऱ्याजवळचं वरचं पाणी लोटून देतात, खालचं गार, पोषक पाणी वर येतं आणि हा तिथे बेसुमार वाढतो. म्हणून तिथल्या ज्या थरात तो जास्त, त्या काळात वारे जोरदार होते असं मानतात. वारे म्हणतेय, पाऊस नव्हे. बातम्यांत हे दोन्ही सर्रास एक करून टाकतात. पावसासाठी नदीच्या मुखासमोरचा कोअर घेऊन कवचांतल्या ऑक्सिजनची समस्थानिकं मोजतात, कारण गोडं पाणी मिसळलं की त्यांचं प्रमाण बदलतं. तिथेही तापमानाचा परिणाम आधी वजा करावा लागतो.

कोकणात गेलात तर भरतीच्या रेषेजवळची मूठभर वाळू आणा, धुऊन वाळवा आणि कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली पसरा. नशीब असेल तर शंखासारखी वेटोळी कवचं दिसतील. तासाभरात मान अवघडून वैताग आला तर भूरसायनशास्त्राकडे वळा, तिथे मोजायला यंत्र असतं.