समुद्री टँकचं पाणी हिरवं पडलंय, बदलूनही निवळत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की कोथरूडला घरी २०० लिटरचा समुद्री टँक आहे, दोन क्लाउन मासे आणि थोडे सॉफ्ट कोरल (मऊ प्रवाळ) आहेत. महिनाभर पाणी पालक उकडलेल्या पाण्यासारखं हिरवं आहे. दर रविवारी अर्धं पाणी बदलता आणि बुधवारपर्यंत पुन्हा तेच. दुकानदाराने आता शेवाळ मारायची बाटली दिली आहे.

ती बाटली कृपा करून टाकू नका. अशा बऱ्याच औषधांत तांबं असतं. कोळंबी, गोगलगायी आणि कोरल तांब्याने मरतात, आणि ते दगडांत-वाळूत मुरून बसतं. पाणी बदलणंही तूर्त थांबवा.

आधी काचेच्या पेल्यात टँकचं पाणी घेऊन मागे पांढरा कागद धरा. दुधाळ दिसलं तर ते बहुधा जिवाणूंचं असतं. हवा वाढवा, खाणं कमी करा, आपोआप निवळतं. स्वच्छ हिरवी झाक दिसली, तर ते पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ. त्याच्या पेशी इतक्या बारीक असतात की फिल्टरच्या कापसातून सरळ पार होतात. आणि वाढ एवढी झपाट्याची की अर्धं काढून टाकलंत तरी उरलेलं एक-दोन दिवसांत दुप्पट होतं. नव्या पाण्यातून खाद्य मिळत असेल तर विचारायलाच नको.

माझं घोडं इथेच अडलं होतं. मे महिना, सोसायटीत टँकरचं पाणी. मी स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी वापरायचो, त्यामुळे पाण्यावर संशयच आला नाही. एकदा मित्राचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) त्यात बुडवला, आकडा आला ११०. सर्व्हिसला येणाऱ्या दादांना विचारलं तेव्हा त्यांनी झाकण काढून आतला छोटा स्क्रू दाखवला. पाण्याला चव राहावी म्हणून तिथून थोडं मूळ पाणी आरओच्या पाण्यात मिसळतात. प्यायला ते उत्तम, पण त्याबरोबर नायट्रेट-फॉस्फेटही टँकमध्ये येतात. टँकरचं पाणी बोअरचं असेल तर त्यात नायट्रेट बरंच असू शकतं. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात एवढ्या टँकमधून रोज दोन-तीन लिटर पाणी सहज उडून जातं. उडतं ते नुसतं पाणी, विरघळलेलं सगळं मागे राहतं, आणि आपण रोज वरून भर घालतो. तुम्ही महिनाभर जे ओतताय त्याचा टीडीएस आजच मोजा. मिसळण्याआधीच्या नळीतून पाणी घ्या, त्यापुढे डीआय रेझिनचं (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या बारीक मण्यांचं) कार्ट्रिज लावा. मीटरवर शून्य यायला हवा. आकडा चढू लागला की रेझिन संपलं.

टेस्ट किटवर नायट्रेट-फॉस्फेट शून्य दिसले तरी फसू नका, ते शेवाळाने आधीच खाल्लेले असतात. दगडामागे एखादी गोगलगाय मरून पडली आहे का, तेही पाहा. फ्रोझन खाणं गाळणीत धुऊन घाला, त्याचं सुटलेलं पाणी टँकमध्ये नको. पश्चिमेची खिडकी असेल तर जाड पडदा लावा.

आता आहे ते हिरवं घालवायला सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे यूव्ही स्टरिलायझर, म्हणजे पाणी अतिनील दिव्यासमोरून नेऊन त्यातलं शेवाळ मारणारं यंत्र. तुमच्या टँकला १८ वॉटचा पुरे. पंपाची धार मंद ठेवा, म्हणजे पाणी दिव्यासमोर जास्त वेळ राहील. यूव्ही घेणं जमत नसेल तर टँक काळ्या कापडाने तीन दिवस पूर्ण झाका. माशांना तेवढा उपास सोसतो, सॉफ्ट कोरलही सहसा तेवढा काळोख सोसतात, पण त्याहून ताणू नका.

दोन्हींत एक धोका सारखाच आहे, तो हलक्यात घेऊ नका. एवढं शेवाळ एकदम मेलं की कुजताना ऑक्सिजन खातं आणि अमोनिया वाढतो. स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) रात्रंदिवस चालू हवा, हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन सोडा, रोज अमोनिया तपासा. मासे पृष्ठभागाशी येऊन भराभर श्वास घेताना दिसले तर त्याच क्षणी पाणी बदला, मात्र शून्य टीडीएसच्या पाण्यात मीठ कालवून, खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५ आणि तापमान टँकइतकंच जुळवून.

माझ्याकडे यूव्ही लावल्यावर चौथ्या दिवशी मागच्या काचेवरच्या थर्मामीटरचे आकडे समोरून वाचता आले. तुमच्याकडेही एवढं दिसलं की कापूस काढून धुवा, एक पंचमांश पाणी बदला, आणि यूव्ही आणखी दोन आठवडे तसाच चालू ठेवा. टीडीएसचा आकडा किती आला ते इथे नक्की लिहा.