गेजच चुकलं तर?

प्रश्न : काका, माझी भाची भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली. सारखं बेल्जियममधल्या लीज विद्यापीठाच्या अंतराळ केंद्राचं चाललंय. तिथं म्हणे दुर्बिणींचे आरसे तपासतात. नुसत्या तपासण्यात कसलं आलंय संशोधन?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : ताई, माझी एकतीस वर्षं बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत गेली, त्यातली बारा इन्स्पेक्शनच्या टेबलावर. ‘नुसतं’ हा शब्द जरा लागला बघा!

एकदा झिजलेल्या प्लग गेजवर (भोकाचं माप तपासायचा दांडा) मी चारशे बुश, म्हणजे शाफ्ट बसायच्या नळ्या, पास केले. गेज भोकात कसं अलगद जायचं! गिऱ्हाइकाकडं मात्र शाफ्ट आत जाईना. सगळा माल टेम्पोतून परत.

अंतराळातल्या हबल दुर्बिणीचं तेच झालं. 2.4 मीटरचा आरसा घासणाऱ्यांनी मापाबरहुकूम घासला, पण मापाच्या साधनातलंच एक भिंग 1.3 मिलिमीटर सरकून बसलेलं. आरशाची कड दोनेक मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जास्त सपाट झाली. दुसऱ्या, साध्या साधनांनी चूक दाखवली होती. ती कमी अचूक म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. (हे वाचलं त्या रात्री मला आपले बुश आठवले.) 1990 मध्ये दुर्बीण वर गेली, फोटो पुसट. 1993 च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी वर जाऊन तिला चष्मा बसवला.

लीजला मोठमोठ्या टाक्यांतली हवा उपसून, कडाक्याची थंडी करून उपकरणं तपासतात. प्लांक ही अंतराळ दुर्बीण तिथं तपासूनच 2009 मध्ये उडाली. हवा नसली की तापलेला भाग वाऱ्यानं निवत नाही, चिकटवलेल्या सांध्यांतून वाफ निघून आरशावर बसते. त्यात टाकीचे पंप थरथरणार, म्हणून आतल्या टेबलाचा पाया टाकीपासून वेगळा ठेवावा लागतो. आमच्याकडं शेजारची प्रेस सुरू झाली की डायलचा काटा नाचायचा. नाजूक मापं आम्ही जेवणाच्या सुट्टीत घ्यायचो. तिथं सुट्टीची वाट बघून भागत नाही. थंडीत टाकीही आकसते, मापाचं साधनही आकसतं, मग आरसा नेमका किती बदलला हे कशावरून ठरवायचं? संशोधन ते इथं, ताई.

भाचीला थोडी फ्रेंच मात्र शिकू दे. लीजमध्ये फ्रेंच, जरा उत्तरेला गेलं की डच. तिथली फूरोंची सहा गावं 1963 मध्ये लीज प्रांतातून काढून डच भाषकांच्या प्रांताला जोडली आणि पुढं कित्येक वर्षं गावांच्या पाट्यांना रंग फासणं चाललं. मराठी-कानडी वादात वाढलेल्या खानापूरच्या पोरीला परकं वाटायचं नाही.