नवरा शेजारी घोरतोय, तरी दोनला जाग

प्रश्न : माझं वय ५४. मालवण तालुक्यात किनाऱ्यालाच घर आहे. मिस्टर आणि मुलगा दोघंही मासेमारी करतात. मे २०२१ च्या तौक्ते वादळात रात्री दोघं होडी वाचवायला बंदरात गेले. फोन बंद, लाइट नाही. सकाळी परत आले, पण होडी फुटली होती. तेव्हापासून रात्री दोनच्या सुमारास दचकून जाग येते. छातीत धडधड, घशाला कोरड, मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. डॉक्टरांनी अल्प्राझोलाम ०.५ ची गोळी दहा दिवसांसाठी दिली होती. मी तीच जुनी चिठ्ठी दाखवून आजवर घेते आहे. हल्ली एकीने भागत नाही, दीड लागते. सून म्हणाली सवय लागेल, म्हणून गणपतीत एकदम बंद केली. तीन रात्री टक्क जागी, हात थरथरायला लागले, म्हणून परत सुरू केली. सासूबाई म्हणतात, ‘देवाक गाऱ्हाणा घाल, सगळा बरा होतला.’ पावसाळ्यात होड्या बंद असतात, मिस्टर शेजारीच घोरत असतात, तरी दोनला जाग येतेच. मला व्यसन लागलं का? वेड्यांच्या डॉक्टरकडे जावं लागेल का?

उत्तर : ताई, आधी गोळीचं बोलू, कारण तिथे धोका आहे. आजच्या आज बंद करू नका. गणपतीत जे केलंत ते पुन्हा करू नका. या गोळ्या अचानक थांबवल्या तर झोप उडते, थरथर होते आणि काहींना फिटसुद्धा येते. तुमचे हात थरथरले ते तुमच्या कमकुवतपणामुळे नव्हे. फोंडा घाट उतरणाऱ्या गाडीसारखं समजा. इतकी वर्षं मेंदूला बाहेरून ब्रेक लावून मिळत होता, त्यामुळे त्याने स्वतःचा ब्रेक ढिला सोडला. बाहेरचा एकदम काढला की गाडी सुसाट सुटणारच. याला शरीराची सवय म्हणतात. पाकिटं चोरणं, गुंगीसाठी वाढवत नेणं, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. शरमेचं ओझं तेवढं उतरवून ठेवा.

माझी आई डायझेपामची, म्हणजे याच जातीच्या गोळीची, पट्टी तांदळाच्या डब्यात लपवायची. मी डॉक्टर झाले तरी मला ते कळलं नव्हतं. एकदा डबा रिकामा करताना पट्टी सापडली आणि मी तिच्यावर ओरडले. आज वाटतं, ओरडण्याऐवजी तिच्या शेजारी बसायला हवं होतं. तेव्हा सुनेला रागावू नका, पण हे उत्तर तिला वाचायला द्या.

या जातीच्या गोळ्या साधारण दोन ते चार आठवड्यांसाठी असतात. दहा दिवसांची चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांचं चुकलं नाही. चूक पुढे झाली, आणि ती एकट्या तुमची नाही. २०१४ पासून अल्प्राझोलाम शेड्यूल एच-वन या औषधांच्या सरकारी यादीत आहे. म्हणजे मेडिकलवाल्याने चिठ्ठी पाहूनच गोळी द्यायची, वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करायची आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं गोळी मिळत राहिली, तर हा नियम कोणासाठी केला होता, असं विचारावंसं वाटतं.

गोळी उतरवायची ती पायरी पायरीने. दर दोन-चार आठवड्यांनी साधारण पाच ते दहा टक्के, मध्ये त्रास झाला तर तिथेच थांबायचं, उलटं वर चढायचं नाही. कित्येक महिने लागतात. अल्प्राझोलामचा अंमल लवकर ओसरतो, म्हणून डॉक्टर कधी आधी क्लोनाझेपाम किंवा डायझेपामसारख्या लांब अंमलाच्या गोळीवर नेतात. हे घरच्या घरी, सुरीने तुकडे पाडून करायचं काम नव्हे. त्या काळात दारू नको (मिस्टरांच्या ‘थोडीशी घे, झोप लागेल’ या उपायासकट), कारण या गोळीबरोबर दारू श्वास मंदावते. शिवाय पन्नाशीनंतर या गोळीवर रात्री अंधारात उठून पडवीच्या पायरीवर घसरणं फार सोपं असतं. रात्री छोटा दिवा ठेवा.

आता तुम्ही जाता जाता लिहिलेल्या वाक्याकडे येते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, नवरा शेजारी सुरक्षित, तरी दोनला जाग येते. म्हणजे आता तुमची झोप वारा किंवा समुद्र उडवत नाहीये. अंथरूण आणि दोनचा ठोका यांची त्या रात्रीशी गाठ पडली आहे. देहाला वाटतं, दोन वाजले म्हणजे जागं राहायचंच. गोळी या गाठीला हात लावत नाही, फक्त तिच्यावर पांघरूण घालते. म्हणून तर दीड लागायला लागली.

गाठ सोडवायला एक पद्धत आहे, निद्रानाशासाठीची सीबीटी, म्हणजे गोळीऐवजी विचार आणि सवयी बदलून करायचा उपचार. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी हीच करावी असं सांगितलं. तिच्यातला एक भाग मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडला, आणि तो तुमच्या घरात फुकट होतो. झोप येत नसेल तर अंथरुणात कूस बदलत पडायचं नाही. साधारण वीस मिनिटं झाली असं वाटलं की उठायचं. घड्याळ बघायचं नाही, ते भिंतीवरून काढूनच ठेवा. पडवीत मंद दिव्यात लसूण सोला, डाळ निवडा. कंटाळवाणं काम हवं. मोबाइलवर वाऱ्याचा नकाशा बघणं बंद (बघत असालच, सगळ्या मच्छीमार घरांत आता तेच चालतं). डोळे मिटायला लागले की परत अंथरुणात. जाग आली की पुन्हा पडवी. पहिले आठ-दहा दिवस चिडचिड होईल, मला शिव्याही द्याल.

दुसरा भाग कठीण वाटतो. तुम्ही नऊला पडून सहाला उठत असाल आणि झोपत पाच-साडेपाच तास असाल, तर अंथरुणातले तास कमी करायचे : साडेअकरा ते साडेपाच. दुपारची वामकुक्षी बंद. झोप दाट झाली की पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवायचे. त्या दिवसांत झोप अनावर येते, तेव्हा विळीवर बसताना आणि स्कूटर चालवताना जपा. कधी फिट आली असेल तर हा भाग अजिबात करू नका. नाहीतरी तो आणि गोळी कमी करणं एकाच वेळी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

धास्तीचं वेगळं. संध्याकाळी पाचला, वही घेऊन, वीस मिनिटं. ‘दोघांनी लाइफ जॅकेट घातलं का’, ‘हवामान खात्याचा इशारा बघितला का’ याला उत्तर आहे, ते सोडवा. ‘तसंच वादळ परत आलं तर’ याला उत्तर नाही, ते फक्त लिहा आणि वही मिटा. दोन वाजता मनाने तोच प्रश्न काढला, तर ‘उद्या पाचला’ म्हणा. धडधड तरीही हटली नाही, तर डॉक्टर धास्तीवरची एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन ही वेगळ्या जातीची गोळी देतील. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा बेचैनी होऊ शकते, म्हणून लोक चौथ्या दिवशी सोडतात. सोडू नका. नंतर तीही हळूहळूच उतरवायची. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन एकदा तपासा.

वेड्यांचा डॉक्टर असं काही नसतं, ताई. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करा. एवढं जमेपर्यंत १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आणि गाऱ्हाणं घालाच. देवाला सांगून झालं की सासूबाईंनाच ओरोसला सोबत न्या.

प्रश्न : वडील (६२) खूप घोरतात, मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो, दिवसा पेंगतात. त्यांना रात्री शांत झोपेची गोळी देऊ का? (गुहागर)

उत्तर : नको. तुम्ही सांगता ती लक्षणं स्लीप ॲपनियाची, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या आजाराची, असू शकतात, आणि त्यात झोपेची गोळी श्वास आणखी अडकवते. फोनवर त्यांच्या घोरण्याचा आवाज पाच मिनिटं रेकॉर्ड करा आणि कान-नाक-घशाच्या किंवा छातीच्या डॉक्टरांना ऐकवा. तोवर त्यांना कुशीवर झोपवा आणि गाडी चालवू देऊ नका.