नाशिकमध्ये राहून एमबीए करण्यात मजा आहे का, की नुसतीच दगदग?

मजा आहे, पण ती लेक्चरमध्ये कमी आणि सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतल्या कंपन्यांत प्रोजेक्टला गेलात की जास्त येते. मी इथूनच पुणे विद्यापीठाचं एमबीए केलंय, दुसऱ्या सेमिस्टरनंतरची समर इंटर्नशिप अंबडला केली आणि वर्किंग कॅपिटल, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणारा पैसा, काय असतं ते स्टोअरमध्ये महिनोन्‌महिने पडलेला माल बघून कळलं, पैसा तिथेच अडकलेला असतो ना, पुस्तक दोनदा वाचूनही ते डोक्यात शिरलं नव्हतं. वैताग म्हणाल तर ग्रुप असाइनमेंटचा, पाचातले दोघंच राबतात आणि मार्क सगळ्यांना सारखे, याचा खरंच खूप त्रास होतो. फक्त कन्सल्टिंग किंवा बँकिंगमध्येच जायचं असेल तर सीईटीचा स्कोअर बघून प्रवेशाच्या पसंतीयादीत पुण्या-मुंबईची कॉलेजं आधी भरा, त्या कंपन्या जास्त करून तिकडेच येतात.